एक बोट वर

माशांच्या टाकीत आपोआप पाणी टाकणारं एक यंत्र घ्यायचं, एवढंच ठरलं होतं. ठरवायचं बायकोनं, आणायचं मी, आणि मध्ये बोलायचं नाही ते बाबांनी, अशी आमच्या घरातली कामाची जुनी वाटणी आहे. तरीही पुढे जे झालं त्याला जबाबदार मी एकटाच, हे आधीच सांगून टाकतो. (हे वाक्य बायकोनं वाचून पाहिलं आहे. तिची हरकत नाही.)

टाकी म्हटल्यावर काचेच्या भांड्यात दोन सोनेरी मासे आणि तळाला रंगीत खडे असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. आमची टाकी समुद्राची आहे. बैठकीच्या खोलीत, लाकडी कपाटावर, दोनशे लिटर खारं पाणी. त्यात जिवंत प्रवाळ, चार गोगलगाई आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांचं एक जोडपं. त्यातली अंगानं मोठी आणि कायम पुढे असते ती बायको, आणि तिच्या मागून हिंडतो तो नवरा, हे दुकानदारानं सांगायच्या आधीच मी ओळखलं होतं. मासे बघितले की ब्लडप्रेशर उतरतं, असं ऑफिसात कोणीतरी म्हणालं, म्हणून पाच वर्षांपूर्वी ही टाकी आली. तेव्हा मला अर्धी गोळी होती. आता एक आहे.

या टाकीचं एक दुखणं आहे. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. रोज दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं, आणि तेवढंच शुद्ध, गोडं पाणी वरून टाकलं नाही, तर खारटपणा वाढतो आणि प्रवाळ मान टाकतात. आज कंटाळा आला, उद्या टाकू, हे इथे चालत नाही. आता खरं सांगायचं तर मला आठवड्यातून चारदा तरी कंटाळा यायचा. पण गंमत अशी, की विसरल्याचं आठवून दुसऱ्या दिवशी धावत जावं, तर पातळी जिथल्या तिथे. माझ्या टाकीतलं पाणी मुळात कमीच उडतं, असं माझं हळूहळू मत झालं. एखाद्याच्या हाताला गुण असतो म्हणतात, तसं काहीतरी असावं.

हे मत मी घरात बोलून दाखवलं नाही, कारण ‘टाकीला रोज पाणी लागतं’ हे माझं फार उपयोगी वाक्य होतं. त्याच्या जोरावर मी मेहुणीचं नवं घर, साडूचे फोटो आणि ऑफिसची दोन शिबिरं टाळली होती. मात्र त्याच वाक्याखाली बायकोची सहलही चार वर्षं टळत आली. थंड हवेच्या ठिकाणी आठ दिवस जाऊन नुसतं बसायचं, एवढीच तिची मागणी. दरवर्षी ती विषय काढायची आणि दरवर्षी मी टाकीकडे बोट दाखवायचो.

या वर्षी तिनं विषय काढलाच नाही. तिनं तिकिटं काढली. तीन.

तिसरं तिकीट बाबांचं होतं. बाबा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडेच असतात. चौतीस वर्षं ते पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हवर होते. ठरलेल्या वेळी लोखंडी चाक फिरवून या भागाचं पाणी सोडायचं, त्या भागाचं बंद करायचं. बोलणं मोजकं, आणि वक्तशीरपणा असा की घड्याळ त्यांच्यावर लावून घ्यावं. ते कधी कुठे जात नाहीत. त्यांना आवडतच नाही, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. तिकीट बघून ते म्हणाले, तुम्ही दोघं जा, मी आहे इथे. मी लगेच म्हणालो, बाबा घरी राहिले तरी टाकीचा प्रश्न सुटत नाही. बाबांना टाकीला हात लावायची परवानगी नव्हती ना.

त्याचं असं झालं होतं, की दीड वर्षापूर्वी बाबांनी टाकीत एक जग भरून नळाचं पाणी ओतलं होतं. नळाच्या पाण्यातल्या औषधानं एक प्रवाळ पंधरा दिवस मिटून बसलं. मी खरेदी विभागातला वरिष्ठ लिपिक. मी रागावलो नाही, परिपत्रक काढलं. ‘टाकीत नळाचे पाणी टाकण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.’ ते टाकीच्या काचेला चिकटवलं. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, पेपर उघडला, आणि त्यानंतर मी त्यांना टाकीजवळ उभं राहिलेलं पाहिलं नाही.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि अट सांगितली. आपोआप पाणी टाकणारं यंत्र आणायचं, निघायच्या आधी पंधरा दिवस चालवून बघायचं, आणि ते चाललं तर तिघंही जायचं. नाही चाललं, तर तिकिटं परत, आणि पुन्हा या घरात सहलीचं नाव निघणार नाही. ती हे अगदी शांतपणे बोलली. लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर शांतपणे बोललेल्या वाक्याला किती भ्यायचं, हे कळतं. बाबा पेपरमागून म्हणाले, “यंत्र चाललं तर मी येईन.”

मी कामाला लागलो. माशांच्या सामानाच्या दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण टाकीची पूर्ण प्रकृती विचारल्याशिवाय तो साधी जाळीसुद्धा विकत नाही. त्यानं मला तीन प्रकार दाखवले. पहिल्यात एक तरंगता गोळा. संडासाच्या फ्लशमध्ये असतो त्याचाच शिकलेला भाऊ. पाणी उतरलं की गोळा उतरतो, पंप सुरू होतो. यातला धोका एकच, गोळ्यावर गोगलगाय येऊन बसली, तर यंत्राला वाटतं पाणी कमी आहे, आणि ते टाकतच सुटतं. (माझ्याकडे चार गोगलगाई आहेत आणि चौघींना दुसरं काम नाही.) दुसऱ्यात काचेचा एक बारीक डोळा. आपण ओले आहोत की कोरडे, एवढंच त्याला समजतं. कोरडा पडला की पंप सुरू, ओला झाला की बंद. तिसऱ्यात डोळाही, गोळाही, आणि वर प्रत्येक वेळी मालकाच्या फोनवर निरोप. घरातून फोनवर निरोप यायची सोय माझ्याकडे एकोणीस वर्षं आहे, आणि तिला बॅटरीही लागत नाही.

आता शहाणा माणूस तिथल्या तिथे बोट ठेवून मोकळा झाला असता. पण तीन कोटेशनं समोर आली की माझा हात आपोआप पट्टीकडे जातो. मी तुलनात्मक तक्ता आखला. अठरा रकाने. पंपाचा आवाज, नळीची लांबी, वायरचा रंग, गोगलगायीपासून संरक्षण, आणि शेवटी शेरा. रकाने भरायला माहिती हवी, म्हणून पत्रं लिहिली, उत्तरं आली, उत्तरांतून नवे प्रश्न निघाले, म्हणून दोन रकाने वाढवले. सात आठवडे गेले. आमच्या विभागात एकदा स्टेपलर ठरवायला अकरा महिने लागले होते, त्या मानानं मी वाऱ्याच्या वेगानं चाललो होतो. एकदा बाबांनी माझ्या खांद्यावरून तक्ता पाहिला आणि म्हणाले, “कुठलंही घे. फक्त ते बंद कसं करायचं, हे आधी शिकून घे.” तक्त्यात तसा रकाना नव्हता, म्हणून मी ती सूचना विचारात घेतली नाही.

अखेर एका सकाळी बायकोनं कॅलेंडर पाहिलं. जायला सतरा दिवस उरले होते. तिनं माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, तक्त्यातल्या मधल्या यंत्रावर फुली मारली आणि म्हणाली, “हे. आजच.”

त्याच संध्याकाळी डॉक्टर स्वतः येऊन यंत्र बसवून गेला. टाकीखालच्या कपाटात शुद्ध पाण्याचा वीस लिटरचा कॅन, कॅनमध्ये पंप, पंपातून निघालेली नळी वर टाकीच्या काठाला चिमट्यानं पकडलेली, आणि खुणेच्या रेघेवर तो डोळा. वीस लिटर म्हणजे आठ दिवसांना सहज पुरेल, असं त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून परीक्षा सुरू झाली.

आणि काय सांगू, यंत्र म्हणजे सोनं निघालं. आवाज नाही, घरघर नाही, कसली म्हणून कटकट नाही. टाकीतली पातळी हलायला तयार नाही. उलट रेघेपेक्षा बोटभर वरच. रोज सकाळी मी कपाट उघडून कॅन बघायचो. पहिल्या दिवशी वीस लिटर. पाचव्या दिवशी वीस लिटर. दहाव्या दिवशीही वीस लिटर. मी ऑफिसात सांगितलं, याला म्हणतात आधुनिक तंत्र, थेंब वाया घालवत नाही. तिघांनी दुकानाचा नंबर लिहून घेतला. हेडक्लार्कनं मात्र विचारलं, कॅनमधलं पाणी कमी होत नाही तर टाकीत येतं कुठून? मला त्यांची कीव आली. पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी किती समजावून सांगणार?

एकच लहानशी शंका होती. स्वयंपाकघरात शुद्ध पाण्याचा दुसरा एक निळा कॅन असतो, तो मात्र भराभर रिकामा होत होता. बायको गुपचूप तिच्या कुंड्यांना घालत असणार, असं मी ताडलं. पण सहलीच्या तोंडावर वाद नको, म्हणून मी मोठ्या मनानं दुर्लक्ष केलं.

पंधराव्या दिवशी मी ‘यंत्राचे काम समाधानकारक’ असा शेरा लिहून परिपत्रकाशेजारी चिकटवला. संध्याकाळी चहाचा कप घेऊन आलो, तर बाबा टाकीसमोर उभे. दीड वर्षात पहिल्यांदा. काचेवर हलकेच हात ठेवून ते म्हणाले, “उद्यापासून तू बघ.” मी मागूनच म्हणालो, हो बाबा, बघतो. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं आणि आत गेले. वडिलांचा आपल्यावर एवढा विश्वास आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

सोळावा दिवस म्हणजे निघायच्या आदला दिवस. मी रजा टाकली होती. बायको मफलर आणायला गेली होती, बाबा केस कापायला. टाकीसमोर जमिनीवर मोठी बॅग उघडी, त्यात तिघांचे स्वेटर घड्या घालून रचलेले. सगळ्यात वर बाबांचा नवा. मी खुर्चीत बसून मासे बघत होतो. नवरा मासा बायको माशाच्या मागून हिंडत होता. अकराच्या सुमाराला कपाटातून आवाज आला. घर्रर्र. मी ताडकन उठलो. बघतो तर नळीच्या तोंडातून टाकीत पाणी पडतंय.

मी डॉक्टरला फोन लावला. यंत्र बिघडलं, म्हटलं, ताबडतोब या. काय झालं, असं त्यानं विचारलं.

“टाकीत पाणी टाकतंय.”

“साहेब, तेच तर त्याचं काम.”

“अहो, पण पंधरा दिवसांत एकदाही असं केलं नव्हतं त्यानं.”

मग डॉक्टर अत्यंत सावकाश म्हणाला, “साहेब, हात लावू नका. मी येतो.”

माझ्यासारख्या माणसाला ‘हात लावू नका’ म्हणणं म्हणजे मुहूर्त काढून देणं. दोनशे लिटरच्या टाकीत वीस लिटर गोडं पाणी घुसणार, मासे जाणार, प्रवाळ जाणार, सहल जाणार, असं सगळं मला एका क्षणात दिसलं. मी काठावरचा चिमटा सोडवला आणि नळी बाहेर ओढली. ती हातातून निसटली आणि सरळ बॅगेत जाऊन पडली. वर डोळा कोरडाच, त्यामुळे पंप इमानदारीनं चालू. मी धावत जाऊन प्लग उपटला. पंप बंद झाला. पाणी मात्र चालूच राहिलं. यंत्राची वीज काढली तरी यंत्र काम करतंय! मी प्लग पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. (का, ते विचारू नका. ऑफिसात कॉम्प्युटर अडला की असंच करतात.) मग नळीच्या तोंडाला बोट लावलं, तर पाणी बोटाशेजारून माझ्या चष्म्यावर. बॅगेत स्वेटर तरंगायला लागले होते. मी बॅगेशेजारी ओल्यात गुडघे टेकून, बोट लावून, चष्म्यातून काही दिसत नसताना बसून राहिलो.

तेवढ्यात दार उघडलं. केस कापलेले बाबा आत आले. त्यांनी बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या, दोन बोटांत नळी धरली आणि कॅनपेक्षा उंच उचलली. पाणी थांबलं.

“उताराला लागलेलं पाणी आपणहून थांबत नाही,” ते म्हणाले. “म्हणून म्हटलं होतं, बंद कसं करायचं ते आधी शिक.”

मी म्हटलं, बाबा, यंत्र बिघडलंय, आजपर्यंत गप्प होतं आणि आज अचानक पाणी टाकायला लागलं. बाबा खुर्चीत बसले आणि त्यांच्या मानानं लांबलचक बोलले. आमच्या खात्यात, म्हणाले, व्हॉल्व्हवर नवा माणूस आला की पंधरा दिवस त्यानं नुसतं बघायचं असतं. चाक जुन्यानंच फिरवायचं. पंधरा दिवसांनी चार्ज द्यायचा. यंत्र नवं होतं, म्हणून पंधरा दिवस पाणी मीच टाकलं, रोज पहाटे पाचला, दोन तांबे, निळ्या कॅनमधलं. रेघेच्या एक बोट वर ठेवत होतो, पहिल्याच दिवसापासून त्याच्यावर भार नको म्हणून. काल संध्याकाळी चार्ज दिला.

म्हणजे ‘उद्यापासून तू बघ’ हे यंत्राला होतं.

“आणि यंत्राच्या आधी?” मी विचारलं.

“आधीही मीच,” बाबा म्हणाले. “तुझ्या नोटिशीत नळाचं पाणी नको असं लिहिलंय. त्यानंतर नळाचं एकदाही टाकलं नाही.”

माझ्या हाताचा गुण तिथेच निकालात निघाला. दीड वर्ष रोज पहाटे हा माणूस उठून माझी टाकी सांभाळत होता, आणि मी त्याच्या डोळ्यांसमोर हुकूम चिकटवून ठेवला होता. मला मनापासून लाज वाटली. मी उठून परिपत्रक काढायला गेलो. ते एवढं घट्ट चिकटवलं होतं, की ‘हुकमावरून’ तेवढं काचेवर राहिलं.

एव्हाना बायको दारात मफलर घेऊन उभी होती. ती केव्हापासून ऐकत होती कोण जाणे. मी म्हटलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, रोज पहाटे तांब्याचा आवाज येतो, कानात बोळे घातले तरी कळेल. फक्त यंत्र आल्यावरचा आवाज तिला बाबांच्या अंघोळीचा वाटला होता, ते थांबले नाहीत हे तिलाही आजच कळलं. मग ती बॅगेपाशी आली, वरचा स्वेटर उचलून पिळला आणि त्याच शांत आवाजात म्हणाली, “चौतीस वर्षं पाणी सोडायचं म्हणून बाबा कुठे गेले नाहीत. रिटायर झाले, तर तुमच्या टाकीवर ड्युटीला लागले. मला त्यांना सुटी द्यायची होती. यंत्र तुमच्या जागी नव्हतं आणलं, बाबांच्या जागी आणलं होतं. तुमच्या जागी काही आणायची गरज नव्हती. ती जागा रिकामीच होती.”

बाबा खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते, आणि ते रडत नव्हते हे मी शपथेवर सांगतो.

डॉक्टर आला. त्यानं यंत्र तपासलं. यंत्रात तसूभर दोष नव्हता. त्यानं नळी पुन्हा चिमट्यात बसवली, कॅन भरून दिला, आणि आम्ही तिघांनी उभं राहून पाहिलं. घर्रर्र झालं, पाणी पडलं, डोळा ओला झाला, पंप थांबला. बाबांनी मान हलवली. चाललं, म्हणाले, येतो मी. हे ऐकून बायकोच्या चेहऱ्यावर जे काही आलं, ते पाहून मला इतकं बरं वाटलं, की त्या भरात मी त्याग करायचं ठरवलं. म्हटलं, तुम्ही दोघं निर्धास्त जा, मी घरी थांबतो, यंत्रावर लक्ष ठेवतो.

“नको,” बायको म्हणाली. “नको,” बाबा म्हणाले. डॉक्टर दाराशी बूट घालत होता, तो परत आत आला आणि हात जोडून म्हणाला, “वहिनी, काही करा, पण साहेबांना बरोबर घेऊन जा.”

म्हणून मी सहलीला गेलो. त्या दिवशी घरभर पंखे लावून स्वेटर वाळवले, तरी बाह्या दमटच राहिल्या. पण जागा छान होती. खोलीपुढे गॅलरी, गॅलरीत तीन खुर्च्या, समोर उतरत गेलेली झाडं. बाबा पहिल्या पहाटे पाचला उठून बसले आणि काय करावं ते न सुचून हातांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सहाला उठले. पाचव्या दिवशी आठ वाजून गेले तरी घोरत होते, आणि बायको दाराच्या फटीतून ते पाहून, मोठं काही जिंकल्यासारखी, चहा सांगायला गेली. मी मात्र दिवसातून चारदा विचारायचो, पाणी पडत असेल ना? बाबा म्हणायचे, चार्ज दिला म्हणजे दिला, मागे वळून बघायचं नाही.

परत आलो तर पातळी बरोबर रेघेवर. प्रवाळ फुललेले, जोडपं पुढे-मागे हिंडतंय, कॅनमध्ये चार लिटर शिल्लक. मी समाधानानं काचेजवळ गेलो. माझ्या त्या ‘समाधानकारक’ शेऱ्याच्या जागी एक नवा कागद चिकटवलेला होता. निघतानाच बायकोनं लावला असावा. माझ्याच वीस रकान्यांच्या तक्त्याची पाठ, पट्टीनं आखलेली, दोनच रकाने, नाव आणि शेरा.

‘बाबा: चार्ज दिला. रजा मंजूर.’

‘यंत्र: काम चोख. बोलत नाही.’

आणि तिसऱ्या ओळीत माझं नाव होतं. त्यापुढे लिहिलं होतं: ‘हात न लावल्यास समाधानकारक.’

खाली बाबांची सही आहे.